बुढीची लेकरं

कोसमटोल्यात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे कळायला त्या घरी जावं लागत नसे. धुरपताला विचारलं की पुरे. त्यातून धाकट्या जावेची, मनकर्णाची चूल असेल, तर धुरपता फोडणीसकट सांगायची.

“आज लाखोळीच्या वरनात मोह टाकला तिनं. मूठभर! दोन मानसाच्या घरात मूठभर!”

तिचा नवरा इस्तारी ओट्यावर दोरी वळत बसलेला असायचा. “तुले इथून दिसलं?”

“वास आला.”

“मूठभर का चिमूटभर, ते बी वासावरून समजलं?”

“तुमाले देवानं नाकच देलं नाई, तं मी काय करू?”

दोन्ही घरं मुळात एकच. सासरा गेला, वाटण्या झाल्या आणि मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. दर दिवाळीला भिंत दोन्ही अंगांनी लिंपली जायची. पण धुरपताच्या अंगाला एका जागी माती काही टिकत नसे. टिकणार कशी? तिथं धुरपताचा डोळा असायचा.

तसं पाहिलं तर धुरपताला कमी काय होतं? नवरा शब्दाबाहेर नव्हता. पाच पोरं होती. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दोघी जावांच्या सारख्याच. पण वाटणीच्या दिवशी सासूनं, गिरजाबाईनं, शेवटी रानातली मोहाची झाडं वाटली, आणि तिथं धुरपताच्या काळजात जो काटा रुतला तो रुतलाच.

कुरखेड्याच्या त्या रानात मोहाचं झाड कोणाच्या शेतात नसतं, पण प्रत्येक झाडाला घर असतं. दुसऱ्याच्या चुलीत जसा कोणी हात घालत नाही, तसं दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी वेचायला बसत नाही. मालगुजारी गेली, जमीनदाराचं रान कागदावर सरकारचं झालं, तरी ही रीत हलली नाही. गिरजाबाईच्या घरची झाडं दोन. एक बुढी आणि एक गोडी, हाकेच्या अंतरावर उभी. बुढी म्हणजे अवाढव्य म्हातारं झाड. बुंध्याला मोठी ढोली, इतकी की धुरपताची धाकटी पोरं आत लपून बसत. बुढीचं फूल टपोरं, किंचित तुरट. गोडी वयानं लहान, आटोपशीर, आणि तिचं फूल गुळासारखं.

“मोठीले बुढी, लहानीले गोडी,” म्हातारी म्हणाली आणि पानाची पिंक टाकून मोकळी झाली.

“म्हातारीनं मले म्हातारी देली, आन् तिले तरणी!” हे वाक्य धुरपतानं त्या दिवशी म्हटलं ते पुढं जन्मभर म्हटलं. खरं तर बुढीचा मोह गावात सगळ्यांत जास्त. धुरपताच्या दोन टोपल्या भरत तेव्हा मनकर्णाची एक भरे. पण हेव्याला कधी बेरीज येते का? धुरपता स्वतःच्या दोन टोपल्या डोक्यावर घेऊन चाले आणि तिची नजर जावेच्या एका टोपलीवर.

एका बाबतीत मात्र पारडं धुरपताकडं झुकलेलं होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. मनकर्णाच्या पोटी काही नव्हतं. एकदा पाण्याच्या घागरीवरून दोघींचं जुंपलं, आणि धुरपता भिंतीवरून ओरडली, “तुह्या मागं गोडीचा मोह कोन वेचन वं? घुबड?”

 त्या सांजेला मनकर्णाच्या चुलीतून धूर निघाला नाही. धुरपतानं तेही पाहिलं.  ती दोन तांबे पाणी प्यायली, आणि इस्तारीला म्हणाली, “आज तिच्या घरी शिजलंच नाई. उपासाचं ढोंग!”

फागुन सरत आला की मोह गळायला लागतो. पहाटे पहाटे टपटप टपटप. फुलं पडतात ती वाळल्या पानांच्या खचात, आणि मग शोधता शोधता डोळे जातात. म्हणून फुलं गळायच्या आधीच बायका झाडाखालचा पाला पेटवून देत. एक काडी, घटकाभर धूर, आणि खाली काळी स्वच्छ जमीन. तिच्यावर पांढरं फूल कसं उठून दिसतं! सगळं गाव असंच करी. एकट्या मनकर्णाला ते जमेना. धूर नाकात गेला की तिला दमा उसळे, ओठ निळे पडत. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती गोडीखालची जमीन खराट्यानं झाडत आलेली.

“पाहा वं, रान झाडून राह्यली!” धुरपता बायकांना दाखवी. “उद्या आभाळ सारवन!”

“बाई, तुमची चूल सारवून सारवन उरलं असन तं तेबी आनजा,” मनकर्णा वाकल्या वाकल्या म्हणे. तीही काही गरीब गाय नव्हती.

मालगुजारी गेली त्याच साली, एकावन्नच्या फागुनात, गावात नागपूरची एक बाई आली. प्रेमिला नाव. कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकलेली, अंगाला पांढरं पातळ, पायात चपला, आणि बैलगाडीतून उतरली ती बैलांशी बोलतच. रानातून गावाचं उत्पन्न किती, हे पाहायला तिला धाडलं होतं. गावचे जाणते पत्रूभाऊ. तिच्या उतरण्याची सोय त्यांनी मनकर्णाकडं लावली, आणि धुरपता पदर खोचून त्यांच्या अंगणात हजर.

“भाऊ, माह्या घरी काऊन नाई?”

“तुह्या घरी पाच पोट्टे, दोन बकऱ्या. बाईनं निजावं कुठी?”

“बकऱ्या बाहेर बांधते.”

“आन् पोट्टे?”

“तेबी बांधते!”

पत्रूभाऊ हसले, पण सोय बदलली नाही. त्या आठवड्यात भिंतीचं भोक चांगलं बोटभर रुंद झालं. पाहुणीला ताटात काय वाढलं, पाहुणी काय म्हणाली, दोघी कशाला हसल्या. हसल्या म्हणजे माझ्यावरच हसल्या असतील, धुरपताला खात्रीच होती.

प्रेमिलाचं काम पाहायला मात्र सगळं गाव लोटे. तिनं बांबूच्या चार काड्यांची चौकट बांधली होती. ती प्रत्येक झाडाखाली जमिनीवर ठेवायची आणि आत काय काय उगवलंय ते गुडघे टेकून पाहायची. 

“बाई रान मोजून राह्यली का खाट इनून राह्यली?” कोणीतरी म्हणालं.

धुरपतानं तिला हाताला धरूनच बुढीखाली नेलं. आधी माझं झाड, मग दुसऱ्यांचं. प्रेमिलानं मान वर करून बुढीचा विस्तार पाहिला आणि तिच्या तोंडून “अबब!” निघालं. धुरपताची छाती फुगली. मग चौकट खाली ठेवली गेली. एकदा. पलीकडं सरकवून पुन्हा. पुन्हा पलीकडं. दर साली भाजून भाजून टणक झालेली काळी जमीन, दुसरं काही नाही.

“इथे एकही रोप नाही,” प्रेमिला म्हणाली.

“नाईच!” धुरपता ऐटीत म्हणाली. “एवढं साफ कोनी ठेवत नाई.”

प्रेमिलानं चौकट उचलली. सगळा घोळका गोडीकडं वळला. मनकर्णा तिथं खराटा घेऊन उभी होती, चोरी पकडल्यासारखी. झाडाखाली तिनं गोल झाडलेलं, आणि त्या गोलाच्या कडेला झुडुपांच्या आडोशानं... प्रेमिला एकदम खाली बसली.

“अगं बाई! ही पाहा. आणि ही. ही तर कमरेएवढी झाली! कोणी जपली ही?”

“जपली कोनी नाई,” मनकर्णा गोंधळून म्हणाली. “खराटा लागू नाई म्हनून बाजूनं झाडते. मोडायले जीव होत नाई.”

प्रेमिला उभी राहिली. तिचा आवाज चढला. “सगळं रान पाहिलं मी तुमचं. सगळे मोह म्हातारे, नाहीतर पोक्त. एकाही झाडाखाली लेकरू नाही. एखाद्या गावात इतक्या वर्षांत एकही मूल जन्मलं नसतं, तर तुम्ही झोपला असता? या सगळ्या रानात लेकरं आहेत ती फक्त या एका झाडाखाली.”

बायका पुढं सरकल्या. एकीनं रोपाचं पान कुरवाळलं. मनकर्णा खाली बसली, आणि कमरेएवढ्या त्या रोपाच्या शेंड्याला तिनं असा हात लावला, असा, की धुरपताला बघवेना.

लेकरं म्हणे! पाच पोरं मी वाढवली, तेव्हा नाही कोणी नागपुराहून आलं! आणि माझी बुढी? माझी बुढी वांझ?

तो शब्द मनात आला आणि तिचे कान तापले. जावेला तिनं तो कितीदा ऐकवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पत्रूभाऊंच्या अंगणात चिंचेखाली सगळे जमले. बाईला काही सांगायचं होतं. 

“पत्रूभाऊ, उत्पन्न म्हणजे काय?” प्रेमिलानं सुरुवातच प्रश्नानं केली.

“घरात आलं ते उत्पन्न.”

“बियाण्याचं धान शिजवून खाल्लं आणि कोणी म्हणालं, यंदा आमच्या घरी खायला जास्त झालं. तर?”

“तं तो येडा होय,” पत्रूभाऊ म्हणाले, आणि सगळे हसले.

“मग मोहाचं बियाणं दरसाल जाळतो त्याला काय म्हणायचं?”

हसू थांबलं.

“माझ्या पुस्तकांतही असंच लिहिलंय. आलेलं मोजा, एवढंच. मीही तेच मोजायला आले होते. पण रानातून जे उणं झालं ते वजा केल्याशिवाय उत्पन्न कसं म्हणायचं? तुमच्या म्हाताऱ्या झाडांनंतर कोण? तुमची नातवंडं कशाखाली वेचतील?”

माना हलल्या. मनकर्णाकडं लोक पाहू लागले. आणि ते पाहणं धुरपताला सहन होईना. ती उठलीच.

“मी विचारते बाई. एक काडी लावली का घटकाभरात काम होते. ते एवढ्या मोठ्या बुढीखाली खराट्यानं झाडायले माही कंबर मोडते. घरी पाच पोट्टे, ढोरं, पानी. तुमी समदं मोजलं. माही कंबर कुठी मोजली?”

बायकांत खसखस पिकली. “बरोबर हाय! सांगा बाई!”

प्रेमिलाचा चेहरा उतरला. तिनं थोडा विचार केला. “नाही मोजली,” ती म्हणाली. “चुकलंच माझं. ती धरायलाच हवी.”

शहरातली शिकलेली बाई भरल्या अंगणात ‘चुकलं’ म्हणाली! धुरपताला वाटलं, आज पोळ्याचा मान आपल्याच बैलाचा. इथं थांबली असती तर ती जिंकलीच होती. पण हेवा माणसाला थांबू देतो थोडाच!

“आन् हिचं काय सांगता!” तिनं मनकर्णाकडं बोट केलं. “हे दोन्हीकून खाते! मोह तं वेचते, आन् वरून झाडलेला पाला टोपल्या भरभरून घरी नेते. मले समदं दिसते! खताच्या खड्ड्यात टाकते, वरून शेन, वरून पानी. मिरगाच्या आधी तिचा मुखरू तेच खत बांधीत नेते. म्हनून तं तिचं धान वाकते, आन् आमचं उभं राह्यते! रानाचा पाला काय तिच्या एकटीचा होय?”

“थांबा, थांबा,” प्रेमिला पुढं आली. “पुन्हा सांगा. पाला कुठे जातो?”

“खड्ड्यात!”

“दरसाल?”

“दरसाल! मी पाह्यते ना!”

“आणि तिची बांधी खरंच जास्त पिकते?”

“माह्या डोळ्यानं पाह्यते! तिच्या कणग्या कुठवर भरतेत, ते बी मले मालूम हाय!”

“कुठून पाह्यते वं?” कोपऱ्यातून मुखरूनं, मनकर्णाच्या नवऱ्यानं विचारलं. “भिंतीतून?”

अंगण हसून हसून लोळलं. पण पत्रूभाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, “मुखरूची बांधी काळी दिसते, हे खरं हाय. म्या समजलो बोडीच्या पान्यासंगं येते त्या गाळानं.”

प्रेमिला टाळी वाजवून म्हणाली, “धुरपताबाई, उत्तर तुम्हीच दिलंत. कंबर मोडते ती फुकट जात नाही. ती धानातून परत येते. जाळलं की तोच पाला धूर होऊन जातो!”

“राख तं उरते,” कोणी म्हणालं.

“उरते. पण वारा कोणाच्या बांधीत नेतो ती?”

मग बरीच चर्चा झाली. बायका म्हणाल्या, धानाच्या रोवणीला जशा एकमेकींच्या बांधीत जातो तशा एकमेकींच्या झाडाखाली झाडायला जाऊ. दोघी-तिघी म्हणाल्या, आम्ही तं जाळूच. शेवटी पत्रूभाऊ म्हणाले, “यंदा ज्याले जमते त्यानं मनकर्णाची रीत करून पाहा.”

मनकर्णाची रीत!

धुरपता घरी आली ती भांडी आपटतच. “बोलली मी! खत म्या दाखवलं, कंबर म्या दाखवली, आन् रीत तिची?”

“मंग तुह्या नावाची काय रीत ठेवाव?” इस्तारी म्हणाला. “भिंतीले भोक पाडाची?”

त्या दिवशी इस्तारीला ताक मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळं गाव सावलीला पडलं असताना धुरपता एकटीच रानात गेली. कमरेला आगपेटी. माझं झाड, माझी जमीन, माझी रीत. बघू कोण अडवतं.

बुढीसारखं पोकळ झाड असलं की आग लावण्याआधी एक काम करायचं असतं. ढोलीतला पाला, काटक्या, घरटी सगळी उपसून काढायची, नाल्याची ओली माती आणून ढोलीचं तोंड लिंपून टाकायचं, आणि मगच काडी ओढायची. गिरजाबाईनं हे मोठ्या सुनेला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि धुरपतानं ते कधी चुकवलं नव्हतं. पण आज तिच्या हातात ती स्वतः नव्हतीच. हातात राग होता. तिनं नाल्याकडं पाहिलंसुद्धा नाही. काडी ओढली, पाल्याला लावली.

जाळ नेहमीसारखा आधी लाजत सरपटला. मग वारा उठला.

धुरपताला आधी आवाज आला. हुंकारासारखा. तिनं वळून पाहिलं तर ढोलीच्या तोंडातून जाळ आत ओढला जात होता, आणि वर, जिथं कधी काळी एक फांदी मोडली होती त्या भोकातून, काळा धूर चुलीच्या धुराड्यासारखा निघत होता. बुढी आतून पेटली होती.

“अवं माय वं!” ती नाल्याकडं धावली. ओंजळीनं माती उपसायला वाकली, आणि वाकता वाकता तिची नजर पलीकडं गेली. पाल्यातली आग वाऱ्याबरोबर गोडीकडं निघाली होती. गोडीखालचा गोल झाडलेला होता, तिथं ती अडली असती. पण झुडुपांच्या आडची ती रोपटी गोलाच्या बाहेर होती.

हात दोनच. इकडं बुढी, तिकडं ती रोपटी.

‘मनकर्णाची लेकरं धुरपतानं जाळली.’ गाव उद्या काय म्हणेल ते तिला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. तिला वाटलं होतं, जावेच्या वाट्याचं काही बुडालं तर आपल्याला गार वाटेल. तिथं उभ्या उभ्या अंगाला दरदरून घाम फुटला. हातातली माती तिनं टाकली, पळसाची हिरवी फांदी मोडली आणि गोडीकडं धावली.

फांदीनं ती जाळाला झोडपत सुटली. पदर करपला, पायाला चटके बसले. “मागं हो! मागं हो म्हंते ना! तुह्या बापाचं हाय का ते?” आगीला ती जावेला देई तशा शिव्या देत होती. कमरेएवढं रोप, गुडघ्याएवढं रोप, बोटाएवढी पिल्लं. सगळ्यांपुढं भिंतीसारखी उभी राहून ती झोडपत राहिली, ते पुढचा जाळ विझून नुसता धूर उरेपर्यंत.

मग तिला खोकला ऐकू आला. तो खोकला ती झोपेतही ओळखली असती.

धूर पाहून गावातून धावत आलेली मनकर्णा त्या धुरातच, बुढीपाशी, गुडघ्यावर बसली होती. नाकातोंडाला ओला पदर, ओठ निळे, आणि दोन्ही हातांनी ती ढोलीच्या तोंडात चिखल भरत होती.

“मनकर्णे! मरतं का वं! हट तथून!”

“बाई... तुमची... बुढी...” 

“जळू दे बुढी! तू हट!” धुरपतानं तिला काखेत धरून फरफटत बाहेर काढलं, नाल्यापाशी आणून तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. किती तरी वेळ मनकर्णाचा श्वास परत यायचं नाव घेईना. “घे, घे श्वास! एवढा मोह खाते, थोडी हवा खायले काय होते तुले!” धुरपता ओरडत होती आणि रडत होती.

श्वास आला. बुढी मात्र वाचली नाही. दिवस मावळायच्या आत, सगळं गाव भोवती उभं असताना, ती आतल्या आत कण्हली आणि आडवी झाली. जमीन हादरली. फांद्यांवरच्या कळ्या उघडायच्याच होत्या अजून.

कोणी धुरपताला बोललं नाही. त्याचा तिला जास्त राग आला. मोहाचे दिवस आले आणि घरोघरच्या बायका टोपल्या घेऊन पहाटे निघाल्या, आणि धुरपता, जिच्या दोन टोपल्या भरत, ती ओट्यावर बसून राहिली. मनकर्णानं भिंतीवरून हाक मारली, “बाई, गोडीखाली चाला. दोघी मिळून वेचू.”

“मले भीक नको.”

प्रेमिलाचा निघायचा दिवस आला. जाण्याआधी ती एकदा बुढी पडली होती तिथं गेली. मागोमाग मनकर्णा. आणि काही काम नसताना पालापाचोळा तुडवत, सरपण वेचायचं निमित्त करून, धुरपताही.

“वाईट एकाच गोष्टीचं वाटतं,” प्रेमिला म्हणाली. “इतकं मोठं झाड, आणि त्याचं एकही रोप मागे राहिलं नाही.”

धुरपतानं तोंड फिरवलं. आणि तेवढ्यात मनकर्णा हळूच म्हणाली, “कोन म्हंते नाई राह्यलं?”

“म्हणजे?”

“दोन सालापयले गोडीले फळच नव्हतं धरलं. एक टोरी नाई. तरी सकाळी गोडीखाली टोऱ्या पडून राह्यत, उष्ट्या, दात लागलेल्या. त्या कुठून आल्या?”

प्रेमिला धावतच गोडीखालच्या रोपांशी गेली, मागोमाग या दोघी. “वटवाघळं! ती फळ एका झाडावरून तोडतात आणि दुसऱ्या झाडावर नेऊन खातात. बी तिथे टाकतात. इथं जवळ फळलेलं झाड कोणतं होतं त्या साली?”

“बुढी. दुसरं कोन?”

धुरपताच्या हातातलं सरपण खाली पडलं.

“मतलब, ही रोपटी...” ती पुटपुटली.

“यांतली काही बुढीची असतील,” प्रेमिला म्हणाली. “नक्कीच असतील. कोणती, ते मात्र मला सांगता येणार नाही. पानांवरून कळत नाही.”

धुरपतानं जावेकडं रोखून पाहिलं. हिला गप्प बसता आलं असतं. सगळी लेकरं हिचीच राहिली असती, तेही नागपूरवाल्या बाईच्या शब्दानं. “तू काऊन सांगतलं वं?” तिनं दरडावून विचारलं. “मले दया दाखवतं का?”

“दया कायची? खरं हाय ते सांगतलं. तुमच्या बुढीची लेकरं माह्या गोडीनं पोसली. पोसनावळ द्या!”

“पोसनावळ! तुह्या गोडीच्या सावलीत खुरटली बिचारी! हे कमरेएवढं माहं होय. पाहा, अंगानं कसं हाय, बुढीवर गेलं!”

“वा! मोठं मोठं तुमचं, आन् बारकं बारकं माहं?”

“मी मोठी हावो!”

प्रेमिलाची गाडी नाल्यापलीकडं गेली तरी दोघींचं भांडण ऐकू येत होतं.

भांडण मिटायचं कसं? पत्रूभाऊंनी निवाडा दिला तो असा, की फूल लागेल तेव्हा चाखून पाहा. तुरट लागलं तर बुढीचं, गोड लागलं तर गोडीचं. तोवर कोणी कशाला हात लावायचा नाही. मोहाला फूल लागायचं म्हणजे रोपाच्या अंगात तारुण्य यायला हवं, वर्षं जाणार. धुरपतानं मनाशी हिशोब केला. कोणतं माझं ते कळत नाही, म्हणजे एक जरी गेलं तर ते माझं नसेलच कशावरून? मग सगळीच जपायला लागतील. 

आणि तिनं जपली. बकऱ्या रोपांजवळ फिरकल्या तर ती स्वतःच्याच बकऱ्यांना दगड मारी. काट्यांचं कुंपण तिनं घातलं. मनकर्णानं उन्हाळ्यात घागरभर पाणी ओतलं की धुरपता दोन ओती, कारण जावेच्या पाण्यावर आपलं लेकरू वाढलं असं उद्या कोणी म्हणायला नको. फागुनात गोडीखाली आता दोन खराटे चालत. ‘मी पाला न्यायले येते, मोहासाठी नाई,’ असं ती पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगत होती. दुसऱ्या वर्षी सांगायचं विसरली. तिच्या बांधीतलं धान वाकू लागलं. आणखी काही बायकांनी काडी सोडून खराटा धरला, काहींनी नाही धरला. धुरपता ज्यांनी नाही धरला त्यांच्या झाडाखाली मुद्दाम डोकावून येई आणि म्हणे, “वांझ!” आणि मग एकदम गप्प होई, आणि मनकर्णा ऐकत तर नाही ना, ते पाही.

भिंतीचं भोक होतं तसंच होतं. मात्र आता दोन्ही अंगांनी माती टिकत नव्हती.

एकोणसाठच्या चैतात त्या सगळ्यांत मोठ्या रोपाला, जे आता रोप राहिलं नव्हतं, पहिला मोह आला. बातमी फुटायचा अवकाश, निम्मं गाव पहाटेच येऊन उभं राहिलं. पत्रूभाऊ काठी टेकत आले. झाडाखाली मोजकी फुलं पडली होती. मनकर्णानं एक उचललं, पदरानं पुसलं आणि जावेपुढं धरलं.

“तुमीच चाखा, बाई. खोटं नोका बोलू.”

धुरपतानं फूल तोंडात टाकलं. डोळे मिटले. सगळं गाव तिच्या जबड्याकडं पाहत होतं. तिनं चावलं, घोळवलं, गिळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही येऊन गेलं की मनकर्णानं श्वास धरला.

“कोनाचं?” पत्रूभाऊंनी विचारलं.

धुरपतानं डोळे उघडले. झाडाकडं पाहिलं, त्याच्या शेजारच्याकडं, त्याच्या पलीकडच्या पिल्लांकडं. मग जावेकडं.

“पयल्या सालच्या फुलावरून काय समजते?” ती म्हणाली. “पुढच्या सालाले पाहू. तवरोक कोनी हात लावाचा नाई.” आणि खराटा उचलून ती मनकर्णावर खेकसली, “उभी काय राह्यली वं? तुही बाजू झाड. माही केव्हाचीच झाली!”